परदेशातला दातांचा विमा: पैसे कुठे जातात आणि बडोद्यातून निघण्यापूर्वी काय करून ठेवावं

डिसेंबर उजाडला की बडोद्यातल्या दातांच्या दवाखान्यांना उत्तरायणापर्यंत उसंत नसते. न्यू जर्सी, टोरांटो, लंडन, मेलबर्नहून मंडळी घरी आलेली असतात. लग्नं, नातेवाईक, अलकापुरीतली खरेदी आणि त्या सगळ्यात एक दुखणारी दाढ. मी रावपुऱ्यात दातांची डॉक्टर आहे. खुर्चीत बसल्या बसल्या जवळजवळ प्रत्येकजण मला एकच प्रश्न विचारतो: "ताई, तिकडे विमा आहे, दर महिन्याला पगारातून पैसे कापले जातात. तरी एका दाढेपायी हजार-बाराशे डॉलर माझ्याच खिशातून कसे गेले?"

प्रश्न रास्त आहे. बहुतेकांना वाटतं की आपली फसवणूक झाली किंवा आपण चुकीचा प्लॅन घेतला. बऱ्याचदा तसं काहीच झालेलं नसतं. दातांचा विमा मुळात आखलेलाच तसा असतो, आणि तिकडे जाण्यापूर्वी हे कुणी समजावून सांगत नाही.

आधी अमेरिकेचं बघू, कारण गोंधळ तिथेच सर्वांत जास्त. अमेरिकेतल्या आरोग्य विम्यात वर्षभरात तुम्ही स्वतः किती भरायचं याला कमाल मर्यादा असते. ती गाठली की त्या वर्षातला पुढचा नेटवर्कमधला, म्हणजे कंपनीशी करार असलेल्या डॉक्टर-हॉस्पिटलांतला, खर्च कंपनी उचलते. म्हणजे मोठं आजारपण आलं तर त्याचा भार कंपनीवर. दातांच्या विम्यात हीच मर्यादा उलटी लावलेली असते. वर्षाला कंपनी फार तर अमुक इतके देणार, त्यापुढचं सगळं तुमचं. ही रक्कम बहुतेक प्लॅनमध्ये १,००० ते २,००० डॉलरच्या मध्ये कुठेतरी असते. कित्येक दशकं ती जवळजवळ जागची हललेली नाही, आणि त्या काळात उपचारांचे दर मात्र कुठल्या कुठे गेले. मोबाईलमध्ये आधीच भरून ठेवलेल्या रिचार्जसारखा हा प्रकार आहे. बॅलन्स आहे तोवर सवलत, संपला की पुढचं बिल तुमच्या नावावर. फार तर नेटवर्कचा ठरलेला दर पुढेही लागू राहतो, आणि तोही लहान फायदा नाही.

दात आणि बाकीचं शरीर असे दोन वेगळे विमे का, याचं उत्तर इतिहासात आहे. दातांच्या वैद्यकाचं जगातलं पहिलं स्वतंत्र महाविद्यालय १८४० मध्ये अमेरिकेत, बाल्टिमोरला सुरू झालं. तेव्हापासून दातांचे डॉक्टर आणि बाकीचे डॉक्टर यांच्या शिक्षणाच्या वाटा वेगळ्या झाल्या. पुढे विसाव्या शतकात आरोग्य विमा आला तो हॉस्पिटलच्या बिलांभोवती आला. दात त्यात नव्हतेच. दातांची विमा योजना अमेरिकेत आली ती कामगारांच्या मागणीतून. १९५४ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांच्या कल्याण निधीने कामगारांच्या मुलांच्या दातांची सोय केली, आणि तिथून नोकरीबरोबर मिळणाऱ्या दातांच्या योजना पसरल्या. मुळापासून त्यांचा रोख नियमित तपासणी, दात साफ करणं, छोटं फिलिंग यांवर होता. म्हणून आजही सहा महिन्यांची तपासणी बहुधा फुकट पडते आणि दाढ मोडली की तुम्ही उघडे पडता.

एका दाढेचा हिशोब

आता प्लॅनच्या कागदावर जे १००-८०-५० असं लिहिलेलं असतं ते बघू. तपासणी, एक्स-रे आणि दात साफ करणं यांचे १०० टक्के कंपनी देते. फिलिंग, साधा दात काढणं यांचे ८० टक्के. कॅप, ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला दात), कवळी यांचे ५० टक्के. रूट कॅनॉल काही प्लॅनमध्ये ८० च्या गटात असतं, काहींमध्ये ५० च्या. हा एकच फरक कित्येक शे डॉलरचा होऊ शकतो, म्हणून प्लॅन निवडताना मी सगळ्यांना आधी तेवढी ओळ शोधायला सांगते.

हिशोबासाठी काही आकडे धरू. प्लॅनची वार्षिक मर्यादा १,५०० डॉलर. सुरुवातीचे ५० डॉलर तुमचे, म्हणजे डिडक्टिबल. वर्षभरात दोनदा तपासणी आणि सफाई झाली, त्यात २५० डॉलर मर्यादेतून आधीच गेले (बऱ्याच प्लॅनमध्ये तेही मोजतात). उरले १,२५०. नोव्हेंबरमध्ये दाढ ठणकायला लागली. नेटवर्कच्या दराने रूट कॅनॉल १,१०० डॉलर, आतला भराव, म्हणजे बिलावरचा कोअर बिल्डअप, २५०, आणि कॅप, जिला तिकडे क्राउन म्हणतात, १,२००. एकूण २,५५०.

रूट कॅनॉलचे ५० वजा जाता ८० टक्के, म्हणजे ८४० कंपनीचे. भरावाचे निम्मे, १२५. कॅपचे निम्मे, ६००. बेरीज १,५६५. पण शिल्लक १,२५० च आहे. तेव्हा कंपनी १,२५० देऊन थांबते आणि तुमच्या वाट्याला १,३०० येतात. दर महिन्याचा हप्ता वेगळाच.

हेच काम दोन वर्षांत विभागलं तर? नोव्हेंबरच्या शेवटी रूट कॅनॉल आणि भराव केला: कंपनीचे ९६५, तुमचे ३८५. जानेवारीत नवी मर्यादा सुरू झाली की कॅप: पुन्हा ५० वजा, उरलेल्याचे निम्मे म्हणजे ५७५ कंपनीचे, ६२५ तुमचे. एकूण तुमचे १,०१०. दाढ तीच, डॉक्टर तेच, २९० डॉलर वाचले.

डॉक्टर म्हणून इथे मला एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. ही विभागणी काही आठवड्यांची असावी, महिन्यांची नाही. रूट कॅनॉल केलेल्या दाढेचा बराच भाग किडीने आणि कोरण्याने आधीच गेलेला असतो. कॅप नसेल तर चावताना ती उभी चिरते, आणि मुळापर्यंत चीर गेली की दात काढण्यावाचून इलाज राहत नाही. त्यानंतर इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर नवा दात, आणि त्याचे अमेरिकेत साधारण ३,००० ते ६,००० डॉलर. तीनशे डॉलर वाचवायला गेलेले लोक तिथे पोचलेले मी बघितले आहेत. शिवाय काही कंपन्या कॅपचे पैसे माप घेतलेल्या तारखेला मोजतात आणि काही ती बसवलेल्या तारखेला. तुमच्या प्लॅनचं वर्ष जानेवारीलाच सुरू होतं का, तेही विचारून घ्या.

याखेरीज तीन कलमं आहेत, जी कुणी वाचत नाही. पहिलं प्रतीक्षेचं: स्वतः घेतलेल्या प्लॅनमध्ये मोठ्या कामांसाठी ६ ते १२ महिने थांबावं लागणं नेहमीचं आहे. दुसरं आधीच नसलेल्या दाताचं: विमा सुरू होण्यापूर्वी जो दात काढलेला आहे त्याच्या जागी ब्रिज किंवा इम्प्लांट करायला कंपनी नकार देऊ शकते. तिसरं स्वस्त पर्यायाचं: दाढेत पांढरं फिलिंग केलं तरी कंपनी चांदीच्या फिलिंगच्या दराने पैसे देते आणि फरक तुम्ही भरता. मोठं काम असेल तर सुरू करण्यापूर्वी दवाखान्याकडून कंपनीकडे लेखी अंदाज मागवता येतो. त्याला प्री-डिटर्मिनेशन म्हणतात. उत्तराला थोडा वेळ लागतो आणि ती हमीही नसते, पण आकडा आधी डोळ्यांसमोर येतो. दाढ ठणकत नसेल तर यासाठी थांबावंच.

नोकरी लागल्यावर विमा निवडायला साधारण ३० दिवस मिळतात. तेव्हा "माझे दात ठीक आहेत" म्हणून दातांचा रकाना रिकामा सोडला तर पुढच्या वर्षाच्या निवडीपर्यंत थांबावं लागतं. तरुण मुलं हे हमखास करतात.

डीप क्लीनिंग म्हटलं म्हणजे लूट का?

तिकडे गेल्यावर पहिल्याच भेटीत ज्यावरून मन खट्टू होतं, ती ही गोष्ट. "नुसते दात साफ करायला गेलो होतो, म्हणाले चार भागांत डीप क्लीनिंग करावं लागेल, हजार डॉलर. आपल्याकडे तर अर्ध्या तासात होतं!"

तिथे दात साफ करण्याचं काम बहुधा हायजिनिस्ट करते. सुरुवातीला ती एक बारीक, खुणा केलेली सळई घेऊन प्रत्येक दाताच्या भोवती सहा ठिकाणी हिरडीत हलकेच घालते आणि आकडे मोठ्याने सांगत जाते: तीन, दोन, तीन... चार, पाच, चार... शेजारी कुणीतरी ते टिपून घेतं. दात आणि हिरडी यांच्यामधली फट किती खोल आहे, त्याचे हे मिलिमीटर. १ ते ३ ठीक. ४ किंवा त्याहून जास्त, त्यासोबत रक्त, आणि एक्स-रेत दाताभोवतीचं हाड खाली गेलेलं दिसत असेल तर हिरडीच्या आत कीटण बसलेलं आहे. वरवरच्या सफाईने ते निघत नाही. जागा बधिर करून मुळावरून खरवडावं लागतं. बिलात त्याचा कोड डी४३४१ असतो आणि दर तोंडाच्या चौथ्या भागाला लागतो, म्हणून आकडा चौपट दिसतो. साध्या सफाईचा कोड डी१११०.

आता खरं सांगायचं तर आपल्यापैकी अनेकांना त्याची गरज असते. दुखल्याशिवाय डॉक्टरकडे जायचं नाही ही आपली सवय, आणि आमच्या गुजरातेत सुपारी-मावा खाणारे कमी नाहीत. दहा-दहा वर्षं दात साफ न केलेली माणसं विमानात बसतात. पण जे सांगितलं ते डोळे मिटून मान्य करावं असंही नाही. आकड्यांचा तक्ता आणि एक्स-रे मागा. अमेरिकेत कायद्यानेच तुम्हाला त्यांची प्रत मिळते. तक्त्यात सगळीकडे दोन-तीनच असतील आणि तरी चारही भाग सांगितले असतील तर दुसऱ्या डॉक्टरकडे जा. दोन भागांत चार-पाच आणि बाकी ठीक असेल तर दोनच भागांचं विचारा. हा प्रश्न विचारण्यात कसलाही अपमान नाही. चांगला डॉक्टर तक्ता पुढ्यात ठेवून समजावतो.

पैशांची फारच ओढाताण असेल तर डेंटल कॉलेजांमध्ये विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. तिथे दर बरेच कमी असतात आणि वेळ खूप लागतो. पीएच.डी.च्या मुलांना मी निःसंकोच हा रस्ता सुचवते. एक मात्र करू नका: दात दुखला म्हणून रात्री हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जाऊ नका. चेहऱ्यावर सूज वाढत असेल, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, जबड्याला मार लागला असेल तर लगेच जायचंच. नुसत्या दाढदुखीला तिथे बहुधा वेदनाशामक आणि अँटिबायोटिक देऊन परत पाठवतात. दाढ तशीच राहते आणि बिल मात्र हॉस्पिटलचं येतं.

बाकीचे देश

ब्रिटनची गोष्ट वेगळी आहे. व्हिसा काढतानाच आरोग्याचा अधिभार भरलेला असतो, बहुतेक मोठ्यांसाठी फेब्रुवारी २०२४ पासून वर्षाला १,०३५ पौंड. त्यामुळे लोकांना वाटतं की दातही त्यात आले. आले, पण फुकट नाही. १९४८ मध्ये एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्य सेवा, सुरू झाली तेव्हा दात मोफत होते. १९५१ मध्ये कवळी आणि चष्म्यावर शुल्क लावायचं ठरलं, तेव्हा ज्यांनी ही योजना उभारली त्या अन्यूरिन बेव्हन यांनी निषेध म्हणून मंत्रिपद सोडलं. शुल्क मात्र राहिलं. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२५ मध्ये लागू झालेले दरांचे तीन पट्टे असे होते: तपासणी, एक्स-रे आणि गरज असल्यास सफाई २७.४० पौंड; फिलिंग, रूट कॅनॉल, दात काढणं ७५.३० पौंड; कॅप, ब्रिज, कवळी ३२६.७० पौंड. एका उपचारक्रमात सर्वांत वरचा एकच पट्टा भरायचा. म्हणजे एक फिलिंग असो की चार फिलिंग आणि एक रूट कॅनॉल, पैसे तेवढेच. १८ वर्षांखालची मुलं, गरोदर स्त्रिया आणि बाळंतपणानंतर वर्षभर आई यांना काहीच लागत नाही. नवी सून किंवा लेक तिकडे असेल तर ही सवलत तिला आवर्जून सांगा. त्या काळात हिरड्याही जास्त सुजतात, आणि गरोदरपणात दातांना हात लावायचा नसतो हा आपल्याकडचा समज चुकीचा आहे.

ब्रिटनमध्ये खरी अडचण दराची नाही, डॉक्टर मिळण्याची आहे. एनएचएसवर नवे पेशंट घेणारा दवाखाना सापडता सापडत नाही, आणि खासगीत गेलं की तेच काम अनेक पटींनी महाग. घराजवळचाच दवाखाना हवा असं बंधन नाही. दुसऱ्या गावातल्या दवाखान्यातही नाव घालता येतं. तेव्हा पोचल्या पोचल्या, दात दुखत नसतानाच शोध सुरू करावा. तातडीची वेळ आलीच तर १११ वर फोन.

कॅनडात सरकारी आरोग्य सेवा मोफत, पण दात तिच्यात नाहीत. नोकरीचा प्लॅन, नाहीतर खिसा. अलीकडे कॅनेडियन डेंटल केअर प्लॅन आला आहे. मे २०२४ मध्ये ज्येष्ठांपासून त्याची सुरुवात झाली आणि २०२५ मध्ये तो सर्व वयांसाठी खुला झाला. कुटुंबाचं निव्वळ उत्पन्न ९०,००० कॅनडियन डॉलरच्या आत हवं, दुसरा दातांचा विमा उपलब्ध नसावा आणि आयकर विवरण भरलेलं असावं. ७०,००० च्या आत असाल तर योजनेच्या दरातला तुमचा वाटा शून्य, ८०,००० च्या आत ४० टक्के, त्यावर ६० टक्के. यात दोन जागी पाय घसरतो. नोकरीत दातांचा विमा मिळत असताना तुम्ही तो नाकारला असेल तरी तुम्ही अपात्र. आणि नुकतेच पोचलेल्यांनी तिथे पहिलं विवरणच भरलेलं नसतं, त्यामुळे सुरुवातीचा काळ स्वतःच निभवावा लागतो. विद्यार्थ्यांना विद्यापीठाच्या विद्यार्थी संघटनेचा दातांचा प्लॅन बहुधा फीमध्येच लागलेला असतो. पैसे वाचवायचे म्हणून तो रद्द करण्यापूर्वी विचार करा.

ऑस्ट्रेलियातही मोठ्यांचे दात मेडिकेअर या सरकारी आरोग्य योजनेत नाहीत. 'एक्स्ट्राज' नावाचा वेगळा विमा घ्यावा लागतो. साध्या कामांना साधारण २ महिने आणि कॅपसारख्या मोठ्या कामांना १२ महिने थांबावं लागतं. विद्यार्थ्यांच्या सक्तीच्या आरोग्य विम्यात दात नसतात. जर्मनीत सरकारी विमा साधे उपचार देतो, पण कॅप-कवळीचा ठरावीक वाटाच उचलतो. तिथे वर्षातून एकदा तपासणी करून एका छोट्या वहीत शिक्का घेत गेलात तर ५ वर्षांनी तो वाटा ६० वरून ७० टक्के आणि १० वर्षांनी ७५ टक्के होतो. पहिल्याच वर्षी ती वही सुरू करा.

निघण्यापूर्वी

व्हिसाचा शिक्का बसला की घरात बॅगा, मसाले, भाखरवडी यांची गडबड सुरू होते आणि दातांची आठवण शेवटच्या आठवड्यात येते. तेव्हा फारसं काही नीट करता येत नाही. निघायच्या तीन महिने आधी या. बडोद्यात दाढेचं रूट कॅनॉल आणि झिर्कोनियाची चांगली कॅप साधारण १०,००० ते २०,००० रुपयांत होते. तिकडच्या एकट्या कॅपच्या पैशांत इथे तोंडभर काम होईल. आपल्याकडचा आरोग्य विमाही अपघाताखेरीज दातांना सहसा काही देत नाही, तेव्हा हे पैसे रोखच धरायचे.

आधी पूर्ण जबड्याचा एक्स-रे, ओपीजी, काढून घ्या. विशीतल्या मुलांच्या अक्कलदाढा त्यात स्पष्ट दिसतात. आडवी अडकलेली आणि पूर्वी सुजून गेलेली असेल तर इथेच काढून जा, पण प्रवासाच्या दोन-तीन आठवडे तरी आधी. दुखत नाही, कीड नाही, हाडात शांत आहे, अशी अक्कलदाढ केवळ परदेशी जायचं म्हणून काढायची गरज नाही. रूट कॅनॉल अर्धवट ठेवून, वर तात्पुरतं सिमेंट घालून विमानात बसू नका. हवेचा दाब बदलला की आतली सुजलेली नस किंवा भरावाखाली अडकलेली हवा अशी काही ठणकते की तासन् तास सुटका नसते. तिकडचा डॉक्टर दुसऱ्याचं अर्धं काम पुढे नेत नाही. तो पहिल्यापासून करतो आणि पूर्ण पैसे घेतो.

उपचारासाठी घरी येणं

कॅप, रूट कॅनॉल, कवळी यांसाठी इथे येणं परवडतं, विशेषतः तिकीट नाहीतरी काढलेलंच असेल तेव्हा. दोन-तीन आठवडे हातात ठेवा आणि आल्याच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यात या, जाण्याच्या चार दिवस आधी नको. कॅप बसल्यावर चावताना उंच लागली, हिरडी दुखली, तर ती घासून द्यायला मी इथे आहे, न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये नाही.

इम्प्लांटचं गणित वेगळं. स्क्रू हाडात बसवल्यावर हाड त्याला धरायला साधारण ३ ते ६ महिने लागतात, मग वर दात. म्हणजे दोन फेऱ्या. त्याच दिवशी दात बसवून देण्याची पद्धत आहे, पण ती प्रत्येक हाडाला चालत नाही, आणि सुट्टी संपत आली हे ती निवडण्याचं कारण होऊ शकत नाही. हिरड्यांचा आजार असेल तर तो एका सुट्टीत संपत नाही; दर तीन-चार महिन्यांनी बघावं लागतं आणि ते तुम्ही राहता तिथेच व्हायला हवं. आणि आठवड्याभरात धडधाकट दात घासून वरच्या पुढच्या दातांना पांढऱ्याशुभ्र कॅपा बसवून जाण्याचा हट्ट कुणी धरला तर मी नाही म्हणते. घासलेलं इनॅमल परत येत नाही.

जाताना कागद न्या. एक्स-रे मोबाईलवर काढलेल्या फोटोत नको, मूळ डिजिटल फाईल मागा. इम्प्लांट असेल तर कंपनी, मॉडेल, माप आणि लॉट नंबर असलेलं पाकिटावरचं स्टिकर फाईलमध्ये चिकटवून घ्या. उद्या वरचा दात सैल झाला तर तिकडच्या डॉक्टरला नेमकं त्याच कंपनीचं हत्यार आणि तोच सुटा भाग लागतो. नाव माहीत नसेल तर पक्का बसलेला स्क्रूही निरुपयोगी ठरतो.

अमेरिकेतल्या काही प्लॅनमध्ये भारतात केलेल्या कामाचे पैसेही परत मिळतात. आधी कंपनीला लेखी विचारा. बिलावर प्रत्येक कामाची वेगळी रक्कम, तारीख, डॉक्टरचा नोंदणी क्रमांक आणि दाताचा क्रमांक हवा, सोबत आधीचा आणि नंतरचा एक्स-रे. आणि दाताच्या क्रमांकाकडे नीट लक्ष द्या. भारतात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात आम्ही दोन आकडी पद्धत वापरतो: २६ म्हणजे वरच्या डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ. अमेरिकेत दात १ ते ३२ असे ओळीने मोजतात. तिथे हीच दाढ १४ होते, आणि त्यांचा २६ म्हणजे खालचा, उजवीकडचा, मधल्या दाताशेजारचा पुढचा दात. आमच्या बिलावर नुसतं २६ असेल तर कंपनीला वाटतं की पुढच्या दाताला दाढेचं काम दाखवलंय, आणि क्लेम परत येतो. मी अशा बिलांवर दोन्ही क्रमांक लिहिते आणि खाली शब्दांत दाढेची जागाही देते. तुमच्या डॉक्टरांना तेवढं सांगा.

आई-बाबा तिकडे राहायला जाणार असतील

नातवंडाच्या वेळी सहा महिने जाणाऱ्या आजी-आजोबांचा प्रश्न सर्वांत नाजूक. इथून घेतलेल्या प्रवास विम्यात दातांचं कलम असतं, पण ते अचानक उठलेली कळ थांबवण्यापुरतं, बहुधा काही शे डॉलरचं. कॅप, कवळी, आधीपासूनचं दुखणं त्यात बसत नाही. आई-वडील आणि आजी-आजोबांना लांबच्या मुक्कामासाठी मिळणाऱ्या कॅनडाच्या सुपर व्हिसाला किमान १,००,००० कॅनडियन डॉलरचा विमा सक्तीचा आहे. पण त्या मोठ्या आकड्यावरून दातांचीही सोय झाली असं समजू नका. तो हॉस्पिटलसाठी आहे.

म्हणून त्यांना निघण्यापूर्वी दवाखान्यात आणाच. हलणारे दात, धारदार कडा, सैल ब्रिज, सगळं आधी बघून घ्यावं. कवळी असेल तर जुनी कवळीही हातातल्या बॅगेत द्यावी, नवी तुटली तर जेवण अडत नाही. औषधांची यादी मूळ औषधाच्या नावांनी लिहून घ्या. आपल्या ब्रँडची नावं तिकडे कुणाला कळत नाहीत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते ठळक लिहा, पण दात काढायचा म्हणून ती स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून अलेंड्रोनेटची गोळी किंवा वर्षातून एकदा झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन घेतलं जात असेल, तर दात काढण्यापूर्वी डॉक्टरांना ते सांगायलाच हवं. काही जणांत या औषधांमुळे जबड्याची जखम भरत नाही. आजी ते औषध "कॅल्शियमची सुई" म्हणून सांगते, म्हणून पाकीट किंवा चिठ्ठी सोबत असू द्या.